कारखान्याच्या गेटबाहेरचा लवाद

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याची एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. उसाच्या भांडणातल्या दोन्ही बाजू आपल्याच जिल्ह्यात राहतात. प्रवरा, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा हा कारखान्यांचा पट्टा. आणि पाथर्डी-शेवगावकडची गावं दिवाळी सरली की कोयता घेऊन बाहेर पडणारी. मालक आपला, मजूरही आपलाच. मग या दोघांत वाद झाला तर तो मिटवतं कोण? याचा इतिहास बघण्यासारखा आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. समेट म्हणजे तिसरा माणूस मालक-कामगारांना समोरासमोर बसवतो, बोलतं करतो, पण निर्णय लादत नाही. लवाद म्हणजे तुम्ही द्याल तो निवाडा आम्हाला मान्य, असं दोघांनी आधीच कबूल करून प्रकरण एखाद्याच्या हाती सोपवायचं. 1918 साली अहमदाबादच्या गिरणी संपात गांधीजी उपोषणाला बसले, शेवटी प्रकरण आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाकडे गेलं आणि कामगारांना 35 टक्के वाढ मिळाली. हे उदाहरण देशभर गाजलं.

आपल्या मुंबई इलाख्यात 1934 साली समेटाचा कायदा आला. 1938 साली त्याहून कडक विधेयक आलं: आधी समेटाची सगळी प्रक्रिया पार पाडा, त्याआधी संप केलात तर गुन्हा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात या विधेयकाविरुद्ध उभे राहिले. संप हा गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवणं, असा त्यांचा मुद्दा होता. 7 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झालं. पण एक धडा मिळाला: काम थांबवायची ताकद ज्याच्या हातात नाही, त्याच्याशी समेट करायला कुणी बसत नाही.

पुढे 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आला. 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. कारखान्याच्या आतल्या कामगाराला हे कायदे लागू झाले. युनियन, वेतन मंडळ, त्रिपक्षीय समिती, लेबर ऑफिस, शेवटी कोर्ट. भांडण लांबत असेल, पण दार कुठलं ठोठवायचं हे त्याला माहीत आहे.

गेटच्या बाहेर मात्र गणित बदलतं. ज्यानं ऊस तोडला, मोळी बांधली, गाडी भरली, तो कुणाचा कामगार? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी तर उचल वाटणारा माणूस. मालकच सापडत नाही म्हटल्यावर वाद दाखल कुणाविरुद्ध करायचा?

म्हणून इथे वेगळीच पद्धत उभी राहिली. कायद्यातली नाही, माणसांच्या शब्दावर चालणारी. एका बाजूला साखर संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड संघटना. पाथर्डीचे बबनराव ढाकणे याच लढ्यातले. त्यांनी पुढे शेवगाव तालुक्यात बोधेगावला केदारेश्वर कारखानाही उभा केला. नंतर शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद राज्यभर ओळखला गेला. म्हणजे ज्याचं कारखानदार ऐकतात तो एक, आणि ज्याचं मजूर ऐकतात तो दुसरा. तटस्थ दोघांपैकी कुणीच नाही! तरी चाललं, कारण दोघांनाही आपापली बाजू खाली बसवता येत होती.

वेळही महत्त्वाची. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन घटतं, उतारा पडतो. म्हणून हंगामाच्या तोंडावर कोयता बंद झाला की कारखान्याला घाम फुटतो. करार होतात ते त्याच दिवसांत. 2014 ला मुंडेसाहेब गेले, ती जागा पंकजा मुंडे यांच्याकडे आली. ऑक्टोबर 2020 मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये 14 टक्के वाढ ठरली. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या साखर संकुलात पवार-पंकजा मुंडे यांच्या बैठकीत 34 टक्के वाढ ठरली, मुकादमाच्या कमिशनमध्ये 1 टक्का वाढ झाली. लाखो मजुरांचा दर, आणि कोर्टाची एकही तारीख नाही. ही या लवादाची मोठी कमाई आहे, ती मान्य केलीच पाहिजे.

पण लवाद दर ठरवतो, हिशेब तपासत नाही. आणि भांडणं होतात ती हिशेबावरून. उचल किती घेतली, किती फिटली, बाकी किती अंगावर राहिली? आजारी पडलं की खाडा, तो किती कापायचा? गाडीचं वजन बरोबर धरलं का? फडात साप चावला, ट्रॅक्टर उलटला, तर दवाखान्याचं बिल कुणाचं? एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण खातं नवऱ्याच्या नावावर. बाईनं विचारायचं कुणाला? उलट बाजूही खरी आहे. उचल घेऊन टोळी न आल्यानं कर्जात बुडालेले मुकादमही आपल्याच गावात आहेत. अशा वादाला आज एक तर पोलीस ठाणं, नाही तर दांडगाई. मधलं काहीच नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. टनामागे कारखान्यानं 10 रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलं. कल्याणाच्या योजना हव्यातच. पण योजना म्हणजे न्यायनिवाडा नव्हे.

मग मागायचं काय? साध्या तीन गोष्टी. एक, उचलीचा करार कागदावर, कारखान्याच्या शेतकी ऑफिसात नोंदवलेला, नवरा-बायको दोघांच्या नावानं. दोन, हंगाम चालू असताना प्रत्येक कारखान्यावर ठरलेल्या वारी बसणारा सरकारी समेट अधिकारी. तीन, बाकीचा वाद पट्टा पडायच्या आत मिटवणारं पंचमंडळ, त्यात मजूर, मुकादम आणि कारखाना तिघांची माणसं. आणि हे सगळं देताना कोयता बंद ठेवायचा हक्क काढून घ्यायचा नाही. 1938 चा धडा तोच आहे.

यासाठी दुसऱ्या कुठल्या राज्यात जाऊन अभ्यास करायची गरज नाही. कारखानेही आपले, कोयतेही आपले. पुढचा करार होईल तेव्हा टक्केवारीच्या बातमीत या तीन गोष्टी आहेत का, तेवढं नक्की बघा. आणि नसतील तर आपल्या आमदारांना, संचालकांना विचारा.