कार्तिकातला सिंहगड आणि माझी चुकलेली रात्र

कार्तिक संपत आला की सिंहगड चढायला बरा असतो. पावसाळ्यातली निसरड आणि गर्दी ओसरलेली असते, गवत पिवळं पडलेलं, खडकवासल्याचं पाणी अजून भरलेलं. हवा स्वच्छ मिळाली तर झुंजार बुरुजावरून राजगड-तोरणा समोर दिसतात. पुण्यात राहणाऱ्याला हा गड इतका सवयीचा, की तिथे क्षेत्रकार्याला चालले म्हटलं तर लोक हसतात. गेल्या नोव्हेंबरात मी गेले तीही खरं तर पाय मोकळे करायला. संध्याकाळी उतरले तेव्हा माझ्या प्रबंधातलं एक पान बाद झालेलं होतं.

आधी ते पान काय होतं ते सांगते.

तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या रात्रीची इंग्रजी तारीख सगळ्यांना पाठ असते: 4 फेब्रुवारी 1670. या घटनेची गोष्ट आपल्याला तीन-चार थरांतून मिळालेली आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं आपली बखर 1690च्या दशकात जिंजीला, राजाराम महाराजांसाठी लिहिली. म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. त्याचं वर्णन आटोपशीर आहे: निवडक दोन मावळे रात्री वानरासारखे कडा चढून गेले, मग त्यांच्या आधारानं तानाजीसकट तीनशे माणसं वर पोचली. घोरपड नाही, रायबाचं लग्न नाही, शेलारमामा नाहीत. ही मंडळी तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात भेटतात. महाराजांच्या तोंडचा 'सिंह'सुद्धा सभासदाकडे नाही. तो गेलेल्या वीरालाच गडाची उपमा देतो. सिंह घरोघरी पोचवला तो मुख्यतः हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीनं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि 'सिंहगड' हे नाव तर 1663च्या एप्रिलमधल्या शिवाजी महाराजांच्या पत्रातच आहे, म्हणजे तानाजींच्या मृत्यूच्या सात वर्षं आधी. (हे मी गडावर एका मुलांच्या सहलीला सांगितलं होतं. त्यांच्या सरांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ते विसरणार नाही.)

तर असे थर सोलत सोलत मला एक हुशारी सुचली. चंद्र कुठे होता ते पाहू या. मोबाइलवरच्या खगोलशास्त्राच्या ॲपमध्ये 4 फेब्रुवारी 1670 टाकलं. आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र! मी खूश. एवढ्या चांदण्यात तीनशे माणसं कडा चढून जातात आणि पहाऱ्यावरच्या कुणाला दिसत नाहीत? म्हणजे ही छुपी चढाई बखरकारानं रचलेला प्रसंग असणार. हा युक्तिवाद मी दीड पान लिहिला, तळटीपही दिली.

आता त्या दिवसाकडे येते. आतकरवाडीतून सहाच्या सुमाराला निघाले. वरच्या टप्प्यात दम खायला थांबले तेव्हा डोक्यावर फिकट अर्धा चंद्र होता. पुणे दरवाज्यातून आत गेल्यावर देवटाक्याच्या वाटेवर एक मावशी दह्याची मडकी मांडत होत्या. मी सहज म्हटलं, "मावशी, चंद्र अजून वर आहे." त्या मडक्यावरचं फडकं सारखं करत म्हणाल्या, "नवमीचा हाय त्यो, दुपारपत्तुर ऱ्हातोय. काल भैरवाची अष्टमी न्हाई का झाली?"

कार्तिक वद्य अष्टमी, कालभैरव जयंती. गडावर अमृतेश्वर भैरवाचं जुनं देऊळ आहे, त्यामुळे ही तिथी त्यांच्या ध्यानात असणारच. माझ्या डोक्यात मात्र 'नवमी' हा शब्द अडकला. तानाजींचा दिवस कुठला? माघ वद्य नवमी. शाळकरी पोरांनाही माहीत आहे. वद्य नवमीला पूर्ण चंद्र असेल कसा?

दही तसंच ठेवून मी फोन काढला. ॲप खोटं बोलत नव्हतं, प्रश्न मी चुकीचा विचारला होता. 1582मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीनं कॅलेंडर सुधारलं, ते पोर्तुगीजांनी लगेच स्वीकारलं, इंग्रजांनी थेट 1752मध्ये. सतराव्या शतकात या दोन कालगणनांमध्ये दहा दिवसांचा फरक होता. शिवकालाच्या आपण वापरतो त्या इंग्रजी तारखा बहुतेक जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. महाराजांच्या जन्माची 19 फेब्रुवारी 1630 ही तारीखही तशीच. ॲप मात्र 1582नंतरची प्रत्येक तारीख ग्रेगोरियन धरतं. म्हणजे मला हवी असलेली रात्र त्याच्या हिशेबात 14 फेब्रुवारीची होती. ती टाकल्यावर वद्य पक्षातला, मध्यरात्र बरीच उलटल्यावर उगवणारा कोरभर चंद्र दिसला.

तुमच्यापैकी जे सतराव्या शतकावर काम करणार आहेत त्यांनी यातली आणखी एक खोच वहीत लिहून ठेवा. त्या काळातल्या इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे सुरतेच्या वखारीतल्या एखाद्या फेब्रुवारीच्या पत्रावर 1669 किंवा 1669/70 लिहिलेलं असेल, तर ते आपल्या हिशेबात 1670चं असतं. गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात तोच दिवस दहा तारखा पुढे दिसेल. मराठी साधनांत शक, महिना, पक्ष, तिथी असते आणि बरेचदा वारही. मी माझी टिपणं टाइप करताना 'जागा वाचवायला' तिथी गाळून फक्त इंग्रजी तारीख ठेवली होती. तिथी असती तर चूक पहिल्याच मिनिटाला पकडली गेली असती, कारण तिथी म्हणजे चंद्रच.

मग मात्र व्यायाम राहिला बाजूला. तिथून सरळ तानाजी कड्याकडे गेले. परंपरेनं चढाईची म्हणून दाखवली जाणारी ही जागा गडाच्या पश्चिम अंगाला आहे. सकाळचे नऊ वाजत आले होते. खाली दरीत ऊन पोचलेलं, पण कडा अजून गडाच्याच सावलीत, दगड हाताला गार लागत होता. सूर्य पूर्वेला उगवतो तसा चंद्रही. म्हणजे त्या रात्री उशिरा चंद्र उगवला, तरी पुढे बराच वेळ पश्चिमेचा कडा अंधारातच राहणार. हे मी पुण्यात खुर्चीत बसूनही काढू शकले असते, पण काढलं नव्हतं.

तिथून झुंजार बुरूज. सभासद सांगतो की गड हाती आल्यावर वरच्या पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. बुरुजावरून राजगड नैर्ऋत्येला, सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर. मध्ये आड येणारा डोंगर दिसला नाही. गुंजवणीच्या खोऱ्यात धुकं होतं, पण बालेकिल्ला स्वच्छ वर आलेला. चंद्र नसलेल्या माघातल्या रात्री पेटलेलं छप्पर तिकडून दिसेल, याबद्दल मला शंका उरली नाही.

इथे मला उलट्या बाजूला घसरायचा मोह झाला, तो कबूल करते. उतरताना मनात वाक्य तयार होतं: 'भूगोलानं बखर खरी ठरवली.' तसं काही झालेलं नाही. आग दिसू शकत होती एवढंच मी पाहिलं. ती लावली गेली, ती महाराजांनी पाहिली, यासाठी आजही सभासदाचाच आधार आहे, आणि तो जिंजीला बसून आठवणीतून लिहितोय. माझ्या हातात आलं ते इतकंच, की या वर्णनाला खोटं म्हणायला मी दिलेलं कारण टिकत नाही.

परतीला मावशींकडे राहिलेलं दही खाल्लं. अमुक एका राजाची रात्र तुमच्यामुळे सापडली, असं काहीबाही सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, "घोरपड व्हती का मग?" सभासदाकडे नाही, म्हटलं. "आसंल," त्या म्हणाल्या, "पर कडा बघितलास ना तू? कशाला तरी धरूनच चढलं आसतील." आणि सुट्टे पैसे मोजायला लागल्या.

रात्री मार्गदर्शक मॅडमना मेल केला: ते दीड पान काढते आहे, तळटीप ठेवते, पण तिच्यात आधी तिथी आणि मग दोन्ही कॅलेंडरांची तारीख. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: बाकीच्या प्रकरणांतल्या तारखाही तपासा. तशा एकंदर त्रेसष्ट निघाल्या. त्यातल्या अकरा मी पोर्तुगीज पत्रांवरून घेतल्या होत्या आणि इंग्रजी तारखांच्या शेजारी बिनधास्त एकाच रांगेत लावल्या होत्या.