बत्तिशीचं खातं

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण म्हणतो. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे दुसऱ्या वर्गातले. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कला त्यांनी पदाची शपथ घेतली, तेव्हा तोंडात स्वतःचा असा एकच दात होता. अख्खा देश ताब्यात आणि दात एक!

त्यांची कवळी लाकडाची होती, ही निव्वळ दंतकथा. ती होती पाणघोड्याच्या दातातून कोरलेली, वर माणसांचे दात बसवलेली. वरचा आणि खालचा भाग स्प्रिंगांनी जोडलेला. स्प्रिंगा जबडा उघडायला टपलेल्या, म्हणून मालकानं तोंड दाबून धरायचं. १७९३ साली दुसऱ्या शपथविधीला त्यांनी केलेलं भाषण अवघ्या १३५ शब्दांचं आहे. इतिहासकार त्याला संयम म्हणोत बापडे. मला त्यात स्प्रिंगांचा हात दिसतो.

पण मी पडलो बँकेतला कारकून. इतिहासातसुद्धा माझी नजर आधी खातेवहीवर जाते. वॉशिंग्टनसाहेबांच्या मळ्याच्या वहीत मे १७८४ची एक नोंद आहे. काळ्या माणसांना, म्हणजे गुलामांना, नऊ दातांपोटी रोख दिले सहा पौंड दोन शिलिंग. रक्कम आहे, दातांचा आकडा आहे, नाव मात्र एकाचंही नाही. आमच्याकडे असलं व्हाउचर पास होत नाही. पैसे घेणाऱ्याची सही कुठाय? आणि दात उपटल्यावर त्या माणसांनी भाकरी कशी चावली, याला तर वहीत रकानाच नाही.

पुढे १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली. मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले. तसल्या दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असं नावच पडलं. एकाच्या तोंडात जमा, ते दुसऱ्याच्या तोंडातून नावे.

हा हिशेब मोडायच्या कामी एक ससा आला. १९५२च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाचे डॉक्टर सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढायला गेले, तर ते निघेचना! हाडानं धातूला आपलं म्हटलं होतं. दुसरा कुणी उपकरण फुकट गेलं म्हणून चरफडला असता. यांना त्यात माणसाचा जबडा दिसला.

१९६५ साली गोथेनबर्गला लार्सन नावाचे गृहस्थ त्यांच्याकडे आले. जन्मापासून जबड्यात व्यंग, खाली दात नाहीत, खाण्याबोलण्याचे हाल. डॉक्टरांनी खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले, हाडाला ते धरू दिले आणि त्यावर दात चढवले. यातला एकही दात कुणाच्या तोंडातून आला नव्हता. तरी दंतवैद्यांचं जग १९८२च्या टोरांटो परिषदेपर्यंत नाक मुरडतच होतं. आज चार-सहा स्क्रूंवर जबड्याची अख्खी कमान उभी राहते.

आमच्या भाषेत सांगायचं, तर कवळी म्हणजे सेव्हिंग खातं. रात्री काढायचं, सकाळी भरायचं. स्क्रूवरचे दात म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट. रक्कमही तशीच भरभक्कम लागते, पण व्याज रोज मिळतं. चारचौघांत चावता येतं, बोलता येतं, हसताना तोंडावर हात धरावा लागत नाही. लार्सननी हे व्याज चाळीस वर्षं खाल्लं. २००६ साली ते वारले, तेव्हाही स्क्रू जागेवर होते.

लार्सनचं नाव दंतवैद्यकाच्या इतिहासात आहे. त्या नऊ दातांच्या मालकांचं एकही नाव वहीत नाही. खाली ‘ताळा जुळला’ असं लिहायला माझा हात काही धजत नाही.