'ल कोर्बो' : एका गावाचे विष आणि एक सोयीस्कर गुन्हेगार

पॅरिस जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, १९४३ च्या सप्टेंबरमध्ये, आंरी-जॉर्ज क्लूझो या दिग्दर्शकाचा 'ल कोर्बो' म्हणजे 'डोमकावळा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. एका लहानशा गावात 'डोमकावळा' अशा सहीची निनावी पत्रे येऊ लागतात. परगावाहून आलेल्या डॉ. जर्मेनवर बेकायदा गर्भपाताचे आणि व्यभिचाराचे आरोप होतात आणि बघता बघता सारे गाव एकमेकांकडे संशयाने पाहू लागते. युरोपीय रहस्यपटांत इतका काळोख क्वचितच भेटतो. पटकथा मात्र निर्दोष नाही. आमच्या मते तिच्यातला मुख्य दोष ध्यानात घेतला, तर या चित्रपटाच्या नशिबी पुढे जे आले तेही उलगडते.

कथेचे बीज सत्यघटनेत आहे. फ्रान्समधील त्यूल या गावात १९१७ पासून पुढची काही वर्षे निनावी पत्रांनी असाच उच्छाद मांडला होता. लियों येथील गुन्हेशास्त्रज्ञ एडमों लोकार यांनी संशयितांना मजकूर सांगून तो लिहून घेतला आणि हस्ताक्षरावरून आंजेल लाव्हाल ही स्त्री दोषी ठरली. या प्रकरणावरून लुई शाव्हांस यांनी पटकथा लिहिली, तीही युद्धापूर्वीच. पण चित्रपट निघाला तो जर्मन मालकीच्या 'कॉन्तिनांताल' या संस्थेतर्फे, आणि निघाला तेव्हा शेजाऱ्याविरुद्ध अधिकाऱ्यांना निनावी पत्र लिहिणे हा फ्रान्समध्ये गावगप्पांचा विषय उरला नव्हता. अशा पत्राने माणसे तुरुंगात जात होती, छावण्यांत जात होती. गर्भपाताच्या आरोपाचेही तेच. व्हिशी सरकारने १९४२ च्या कायद्याने तो राष्ट्रद्रोहाच्या पंक्तीला नेऊन बसवला होता, आणि मारी-लुईझ जिरो या स्त्रीला त्यासाठी ३० जुलै १९४३ रोजी गिलोटिनखाली मारण्यात आले होते. दोन महिन्यांनी पडद्यावर डॉ. जर्मेनवरचे आरोप वाचणाऱ्या प्रेक्षकाला त्यांचे वजन समजावून सांगावे लागले नसेल.

चित्रपटाचे बळ वातावरणात आहे. अंत्ययात्रेच्या गाडीवरून खाली पडलेले पत्र, चर्चच्या वरच्या सज्जातून तरंगत येणारे पत्र, जमावाच्या आरोळ्या मागे टाकून रिकाम्या रस्त्यांतून धावणारी परिचारिका मारी कोर्बें, ही दृश्ये विसरता येत नाहीत. सर्वांत मोठे दृश्य दिव्याचे. वृद्ध मनोविकारतज्ज्ञ व्होर्झे टांगलेला दिवा हेलकावत ठेवतो आणि उजेड कुठे संपतो, अंधार कुठे सुरू होतो, असे जर्मेनला विचारतो. जर्मेन तो दिवा थांबवायला जातो आणि हात भाजून घेतो. चित्रपटाचे सारे तत्त्वज्ञान त्या भाजलेल्या हातात आहे.

आता उणिवा. शेवट सांगितल्यावाचून त्यांची चर्चा होऊ शकत नाही, म्हणून तो सांगतो. पत्रे व्होर्झेचीच असतात. त्याची तरुण पत्नी लोरा हिने सुरुवात केलेली असते आणि पुढे तो तिच्याकडून ती लिहवून घेतो. त्यूलमध्ये हस्ताक्षराची परीक्षा बाहेरच्या तज्ज्ञाने घेतली होती. इथे ती खुद्द गुन्हेगारच घेतो आणि गावातल्या कुणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. विनोद म्हणून हे बोचरे आहे, पण रहस्यकथेच्या हिशेबात लंगडे. एवढा संशयी जर्मेन लोराला वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याच्या कागदावर जी घाई करतो, तीही पटत नाही. त्याचा दुःखद पूर्वेतिहास तर कथेला वरून चिकटवल्यासारखा वाटतो. पण खरा दोष याहून खोल आहे. दीड तास चित्रपट सांगतो की विष साऱ्या गावात आहे. नायकाची प्रेयसी दनीझसुद्धा एक निनावी पत्र लिहून जाते. आणि अखेरीस उत्तर मिळते ते एका विकृत म्हाताऱ्याचे. पत्रामुळे आपला असाध्य रोग कळून ज्याने जीव दिला त्या रुग्णाची आई व्होर्झेचा गळा चिरते आणि काळ्या वस्त्रांत शांतपणे निघून जाते. हिशेब मिटतो. प्रश्न गावाचा होता, उत्तर एका माणसाचे निघाले.

मुक्तीनंतर फ्रान्सने या चित्रपटाशी नेमके हेच केले. प्रतिकार चळवळीच्या गुप्त पत्रांनी त्याला फ्रेंच जनतेची बदनामी ठरवले होते. आता त्याच्यावर बंदी आली आणि क्लूझोवर चित्रपट काढण्याची मनाई घातली गेली. सार्त्र आणि कॉक्तो यांच्यासारख्यांनी त्याची बाजू घेतली, आणि १९४७ मध्ये तो 'के दे ऑर्फेव्र' घेऊन परतला. जर्मन पैशावर काम केल्याचा जाब विचारणे गैर होते असे आम्ही म्हणत नाही. तो प्रश्न रास्तच होता. परंतु पत्रे ज्यांनी लिहिली होती ते असंख्य हात निनावीच राहिले, आणि ती पडद्यावर दाखवणारा मात्र नावानिशी सापडला. पटकथेने अखेरीस शोधलेली पळवाट समाजालाही हवीच होती. म्हणून 'ल कोर्बो' पाहताना शेवटची पाच मिनिटे बाजूला ठेवावीत आणि तो हेलकावणारा दिवा लक्षात ठेवावा.