कात : लाकडाने लाकडाला दिलेला रंग

खैराचे ताजे कापलेले खोड समोरून पाहिले, की बाहेर फिकट पिवळसर कडे आणि आत गडद तांबडा गाभा दिसतो. कात निघतो तो या गाभ्यातून. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर साग, ऐन यांच्या सोबतीने हे काटेरी झाड वाढते.

खैर हे नाव संस्कृत ‘खदिर’वरून आले. ‘कात’ मात्र ‘क्वाथ’चा, म्हणजे उकळून काढलेल्या अर्काचा वंशज मानला जातो, मराठीतला काढाही त्याच कुळातला. कात करणारे ते कातकरी किंवा काथोडी. अख्ख्या जमातीला ज्या कसबाने नाव दिले, ते कसब किती जुने आणि किती मोलाचे असेल!

गाभ्याच्या ढलप्या मडक्यात घालून तासन्‌तास उकळतात. पाणी आधी तांबूस होते, मग लालभडक, आणि आटता आटता काकवीसारखे दाट. थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडतात. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 च्या आपल्या ग्रंथात ही कृती नोंदवली आहे. वड्यांत नाचणीचे पीठ मिसळत असल्याचेही तो सांगतो. युरोपात मात्र पुढे बराच काळ कात ही एक प्रकारची माती समजली जाई. ‘जपानी माती’ हे तिचे तिकडचे नाव. 1803 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने मुंबईच्या 200 ग्रेन कातात 109 ग्रेन टॅनिन असल्याचे दाखवले. बंगालच्या कातात ते 97 ग्रेन भरले.

रंगाचे गुपित या टॅनिनमध्ये आहे. कातात मुख्य घटक दोन. कॅटेचिन गार पाण्यात फारसे विरघळत नाही. ते साक्यासारखे खाली बसते आणि विड्याच्या कामी येते. टॅनिन पाण्यात विरघळते. कातडी कमावायला, जाळी आणि शिडे टिकाऊ करायला, कापड रंगवायला ते वापरले गेले. विड्यात चुना लागताच कात लाल होतो, लोखंडाच्या क्षाराने काळपट होतो आणि पोटॅशियम बायक्रोमेटने पक्का तपकिरी.

सुतारांनी हाच गुण उचलला. ओकसारख्या लाकडात टॅनिन मुळातच भरपूर असते. फिकट, कमी टॅनिनच्या लाकडाला मात्र आधी कातपाणी पाजायचे आणि वाळल्यावर वरून बायक्रोमेटचे पाणी फिरवायचे, अशी पद्धत रूढ झाली. रंग वर थर होऊन बसत नाही, तंतूंतच तयार होतो. त्यामुळे रेषा बुजत नाहीत, उलट उठून दिसतात. बायक्रोमेट कर्करोगकारक असल्याने ही कृती आज घरी करण्याजोगी राहिलेली नाही.

1856 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम ॲनिलिन रंग शोधला आणि लाकडाच्या रंगाचे कूळच बदलले. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाला दिला जाणारा रंग या नव्या शाखेतला. लाटांसारखी रेघ असलेल्या मेपलला आधी गडद रंग देतात, मग पॉलिश पेपरने घासतात. जिथे तंतूंची तोंडे वर येतात तिथे रंग खोल मुरलेला असतो, तो टिकतो. बाकीचा निघून जातो. त्यावर फिका रंग चढवला, की रेघा आतून हलल्यासारख्या दिसतात. पण नवे रंग नेहमीच पक्के निघाले असे नाही. 1958 ते 1960 मधल्या अनेक गिब्सन लेस पॉल गिटारींवरचा लाल रंग उजेडाने उडून पिवळा उरला.

कातकऱ्यांचा कात या गिटारींच्या कितीतरी आधीच संकटात सापडला होता. 1878 च्या वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या ब्रिटिश मुलखात राखीव जंगलातून मनाजोगा खैर तोडणे बंद झाले. कात पुढे कारखान्यांत बनू लागला. आज पावसाळा सरला, की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात.