रुळांलगतची गाणी

१८६७ सालच्या एप्रिल महिन्यात विरारहून मुंबईला रोजची अशी पहिली गाडी धावू लागली. सकाळी पावणेसातला ती विरार सोडी आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून माघारी फिरे. दिवसाकाठी एवढी एकच फेरी! वसई-विरारच्या माणसाच्या पायाला तेव्हापासून जे वेळापत्रक बांधले गेले ते आजतागायत सुटलेले नाही. या गाडीने आमची केळी नेली, भाजी नेली, फुले नेली आणि पुढे घरटी एकेक चाकरमान्या नेला. हे सगळे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. मला आज या रुळांविषयी वेगळेच काही सांगावयाचे आहे.

त्याला निमित्त झाला माझा पुतण्या. दर दिवाळीत फराळाची ताटे पुढे आली की तो विचारतो, "काका, सगळ्यांना बसून पाहता येईल असा, गोड गाण्यांचा एखादा सिनेमा सांगा ना!" त्याला गाणी पाठ आहेत, त्यांची कडवीसुद्धा अडखळत नाहीत. पण गाणे कोणी बांधले, कोणी वाजवले असे विचारले, की तो हसून हातातल्या फोनकडे पाहतो. बिचाऱ्याचा काही दोष नाही. ही नावे लपवण्याचे काम आमच्या चित्रपटधंद्याने पहिल्या दिवसापासून इतक्या इमानाने केले आहे की, ती ठाऊक असणाराच विरळा. म्हणून यंदा त्याला नुसती यादी न देता आमच्याच गाडीत बसवावे आणि वाटेत जे लागेल ते दाखवावे असे मी ठरवले.

वाचकहो, ग्रँट रोड स्टेशनापाशी आपण क्षणभर थांबू. तेथे केनेडी पुलाजवळ, रुळांना अगदी खेटून, अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ होता. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' तेथे तयार झाला आणि १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. मूकपटाच्या काळात शेजारून गाडी गेली काय नि न गेली काय, कॅमेऱ्याला त्याचे सुतक नव्हते. ध्वनी आला आणि आगगाडी वैरीण ठरली. दर थोड्या मिनिटांनी धडधड! शेवटी बरेचसे चित्रण रात्री एक ते चारच्या दरम्यान, गाड्या थांबल्यावर होऊ लागले. म्हणजे आमची शेवटची गाडी विरारला पोहोचून निजली, तेव्हा कुठे हिंदी चित्रपटातले पहिले गाणे जागे झाले. पार्श्वगायन ठाऊक नव्हते. गाणारा कॅमेऱ्यासमोरच गाई, वाजवणारे दृष्टीआड बसत आणि मायक्रोफोनही कुठेतरी दडवून ठेवावा लागे. ते पहिले गाणे फकिराच्या वेषात वझीर महंमद खान गायले. चित्रपटात सात गाणी होती, पण त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. लोकांनी तिकिटासाठी मारामाऱ्या केल्या, ती गाणी ओठांवर घरी नेली आणि ते ओठ मिटल्यावर गाणीही मिटली. पुतण्याला 'आलम आरा' पाहा असे मी सांगू शकत नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

पुढच्याच वर्षी आलेला 'अयोध्येचा राजा' मात्र सुदैवाने पाहता येतो. कोल्हापूरच्या 'प्रभात'चा तो बोलपट. गोविंदराव टेंबे यांनी त्यात हरिश्चंद्राचे कामही केले आणि संगीतही दिले. तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे स्वतःच गायल्या. दुर्गाबाईंचे हे गाणे ध्यानात ठेवा, आपल्याला त्या पुन्हा भेटणार आहेत. 'प्रभात' आमच्या रुळांवरची नव्हे, म्हणून तिच्यापाशी फार रेंगाळत नाही. पण मुलांना घेऊन १९३६ चा 'संत तुकाराम' पाहावाच. त्यातला शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग लोकांना इतका अस्सल वाटला की, जाणत्यांनीही तो गाथेत शोधला. कवीला याहून मोठी पावती नाही, आणि आपले नाव पुसले जाण्याची याहून गोड शिक्षाही नाही! त्याच्या पुढच्याच वर्षीच्या 'कुंकू'मध्ये केशवराव भोळ्यांनी दुसरेच धाडस केले. प्रसंगाच्या पाठीमागे वाद्यांचा मेळ वाजवायचाच नाही. त्या घरात, त्या रस्त्यावर जे आवाज खरोखर होतील तेवढेच ऐकवायचे. गोंगाटाला सरावलेल्या आजच्या कानांना तो चित्रपट म्हणजे एक उपासाचा दिवस आहे, आणि फराळाच्या दिवसांत असा एखादा उपास प्रकृतीला मानवतो.

आता मालाड. येथे मात्र मी तुम्हांला लवकर सोडणार नाही. १९३४ साली हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी येथे 'बॉम्बे टॉकीज'चा पसारा मांडला. जर्मनीहून तंत्रज्ञ आणले, स्वतंत्र ध्वनिगृह बांधले, आणि संगीताची सगळी जबाबदारी टाकली ती एका बाईवर! खोरशेद होमजी ही पारशी मुलगी पंडित भातखंड्यांच्या परंपरेत शिकलेली; बहीण माणेक हिच्याबरोबर ती मुंबईच्या रेडिओवर गात असे. पारशी घरातल्या मुलींनी सिनेमात जावे ही गोष्ट समाजाला रुचली नाही. निषेध झाले, दडपणे आली. तेव्हा राय यांनी तोड काढली. खोरशेदची झाली सरस्वतीदेवी आणि माणेकची झाली चंद्रप्रभा. ज्या काळात चित्रपटाच्या वाद्यवृंदासमोर उभी राहून हुकूम देणारी स्त्री दुर्बीण लावूनही सापडली नसती, त्या काळात हिने एका नामांकित संस्थेचे संगीत वर्षानुवर्षे सांभाळले, पण उसन्या नावाने.

१९३६ सालचा तिचा 'अछूत कन्या' अवश्य पाहावा. त्याच वर्षी आमची विरारपर्यंतची गाडी विजेवर धावू लागली, आणि गंमत अशी की या चित्रपटाची नायिकाही रेल्वेच्या फाटकवाल्याची मुलगी आहे. कथा फाटकापाशी सुरू होते आणि फाटकापाशीच संपते. देविकाराणी आणि अशोककुमार यांपैकी एकही मुरलेला गवई नव्हे. सरस्वतीदेवींनी त्यांच्या गळ्यांना पेलतील अशा साध्या, दोन-चार सुरांत फिरणाऱ्या चाली बांधल्या. पंडितांनी नाके मुरडली असतील. पण रस्त्यावरच्या माणसाला ते गाणे पहिल्या ऐकण्यात म्हणता आले. सिनेमाचे गाणे नाटकाच्या गाण्यापासून वेगळे झाले ते येथे, असे माझे मत आहे. 'पडोसन'मधली ती गाजलेली जुगलबंदी तुम्ही ऐकली असेलच. ऐकून हसला नाही असा माणूस मला दाखवा! तिचा मुखडा सरस्वतीदेवींच्या १९४१ च्या 'झूला'मधला, अशोककुमारांनी गायलेला. थोरल्या भावाचे गाणे सत्तावीस वर्षांनी धाकट्या भावाने, किशोरकुमारने, पुन्हा रंगवले. जुगलबंदी घरोघरी पोचली. सरस्वतीदेवी १९८० साली वारल्या, तेव्हा त्यांची आठवण किती जणांना होती, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

मालाडच्या वाटेवरचाच आणखी एक किस्सा लताबाईंनी सांगितलेला आहे. १९४८ च्या 'जिद्दी'च्या वेळी त्या ग्रँट रोडहून गाडीने मालाडला जात. एक हडकुळा तरुण महालक्ष्मीला डब्यात चढला. त्या मालाडला उतरल्या, तर हाही उतरला. त्यांनी टांगा केला, तर याचाही टांगा मागोमाग! घाबऱ्याघुबऱ्या त्या स्टुडिओत शिरल्या आणि संगीतकार खेमचंद प्रकाशांना म्हणाल्या की हा माणूस माझा पाठलाग करतो आहे. खेमचंदजी हसू लागले. तो अशोककुमारांचा धाकटा भाऊ, गाण्यासाठीच निघालेला किशोर होता. आमच्या गाडीने पुष्कळ ओळखी जुळवल्या आहेत, पण ही सर्वांत सुरेल.

त्याच खेमचंदजींचा, त्याच 'बॉम्बे टॉकीज'चा 'महल' १९४९ साली आला. झोपाळ्यावर बसलेली मधुबाला आणि दुरून जवळ येणारा तो आवाज! तो जवळ आणण्यासाठी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल त्याच्याकडे चालत आल्या. पण तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गाणारीचे नाव काय छापलेले? 'कामिनी', म्हणजे मधुबालेच्या भूमिकेचे नाव! रेडिओवर गाणे लागले की, ही कामिनी कोण म्हणून श्रोत्यांची पत्रे येत. अखेर कंपनीकडे चौकशी करून नाव सांगावे लागले. पार्श्वगायनाला फिल्मफेअरचे पहिले पारितोषिक मिळाले ते १९५९ साली, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनी, आणि तेही लताबाईंनी भांडून. नावासाठी भांडणाऱ्याला आपल्याकडे गर्विष्ठ म्हणतात. नाव न मिळालेल्यांची यादी पाहिली म्हणजे तो गर्व किती आवश्यक होता ते कळते.

आणि ती यादी सर्वांत लांब आहे वादकांची. तारदेव, महालक्ष्मी, वांद्रे येथल्या ध्वनिमुद्रणगृहांत संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. तिला साठ-सत्तर वाद्यांचा पोशाख चढवणारा दुसराच कोणी असे. कोणत्या ओळीवर व्हायोलिने उठायची, दोन कडव्यांच्या मध्ये ट्रंपेटने काय बोलायचे, हे सारे पाश्चात्त्य स्वरलिपीत कागदावर उतरवणारे हे अरेंजर बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. मग सगळे एका दालनात बसत आणि गाणे सलग वाजवीत. शेवटच्या ओळीत एकाचा गज चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे हे काम केले.  मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदुस्थानी रागांवर पाश्चात्त्य वाद्यमेळ उभा केला, लताबाईंना आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावले, आणि पुढे काही वर्षांनी अमेरिकेची वाट धरली. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या एका विनोदी गाण्यात गुरूचे नाव गुंफले, म्हणून ते नाव देशभर झाले. मात्र ते खऱ्या माणसाचे आहे हे फारच थोड्यांना कळले.

आमच्या वसईच्या ख्रिस्ती लग्नांतला बँड ऐकत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा ट्रंपेट मुळीच परका वाटणार नाही. त्यांनी १९५१ चा 'अलबेला' पाहावा. संगीत आपल्या चितळकरांचे, सी. रामचंद्रांचे. पाय थिरकवणारा भगवानदादा सर्वांनाच दिसतो, पण त्याच्या पाठीमागे वाजवणाऱ्यांकडेही नजर टाका. तेथे चिक चॉकलेट हा गोव्याचा नामांकित ट्रंपेटवाला आपल्या मेळासह चक्क पडद्यावर आहे. लपलेले वादक एकदा तरी उजेडात आले! त्याच सालचा राजकमलचा 'अमर भूपाळी' आमच्या घरात वेगळ्या कारणाने पाहिला जातो. होनाजीची कथा उत्तर पेशवाईतली, आणि त्या पेशवाईच्या गळ्याला फास लावणारा १८०२ चा तह झाला तो येथेच, वसईस. वसंत देसायांच्या त्या पहाटेच्या सुरांमागे मला नेहमी ती संध्याकाळ ऐकू येते.

आता गाडी वसई सोडून विरारला येते. येथे अनेक वर्षे निर्मलादेवी राहिल्या. बनारसच्या या गायिकेची ठुमरी मैफिली गाजवून गेली. पती अरुण आहुजा हे मेहबूबच्या १९४० च्या 'औरत'मधले शामू; त्याच कथेवर पुढे 'मदर इंडिया' झाला. स्वतः चित्रपट काढण्यात ते बुडाले, मुंबईतला बंगला गेला आणि कुटुंब विरारला आले. धाकटा मुलगा गोविंदा 'विरारचा छोकरा' म्हणून पुढे लोकांनी डोक्यावर घेतला, आणि निर्मलादेवी उरल्या गोविंदाची आई म्हणून. मुलाच्या नावाने ओळखले जाण्यात कोणत्या आईला दुःख आहे? पण गाणाऱ्या बाईला गाण्याने ओळखावे, एवढे तरी विरारकरांनी करावे.

म्हणून पुतण्याला यंदा मी एकच चित्रपट नक्की करून दिला आहे, १९७२ चा 'बावर्ची'. हृषीकेश मुखर्जींचा. भांडकुदळ एकत्र कुटुंब, स्वयंपाकघर, चहावरून रुसवेफुगवे. दिवाळीत आपल्या घरी जे चालते तेच सारे. त्यात मदनमोहन यांचे पहाटेचे एक गाणे आहे. सगळे घर त्यात हळूहळू सामील होते. पडद्यावर दुर्गाबाई खोटे आहेत, 'अयोध्येचा राजा'त स्वतःच्या गळ्याने गायलेल्या त्याच. आणि त्यांच्यासोबत उषा किरण आहेत, वसईत जन्मलेल्या. मन्ना डे आणि किशोरकुमार यांच्याबरोबरीने पडद्यामागे गात आहेत लक्ष्मी शंकर आणि विरारच्या निर्मलादेवी.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नाने आटोपली, कारीट फोडून झाले की आम्ही ते लावणार आहोत. वहिनींनी बजावले आहे, "भावजी, मधे मधे बोलून रसभंग करायचा नाही हं!" मी कबूल केले आहे. फक्त निर्मलादेवींचा आवाज आला की बोट वर करीन.