सूट कोणाला? मुंबईचा प्लेग आणि आजचा व्हिसा

परदेशी व्हिसाच्या अर्जात आरोग्याची अट असते. छातीचा एक्स-रे काढा, ठरवून दिलेल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. ही अट शास्त्रीय दिसते, म्हणून तिच्याशी कोणी भांडत नाही. परंतु या अटीच्या शेजारीच आणखी एक कलम असते, ते सुटीचे. ज्याच्या कौशल्याची त्या देशाला गरज आहे, त्याच्यासाठी अट सैल होऊ शकते. मी इतिहासाचा शिक्षक आहे. एखाद्या व्यवस्थेचे मन वाचायचे असेल तर तिने कोणाला सूट दिली ते आधी पाहावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो.

आपल्याकडचाच दाखला घेऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला पालिकेने फर्मान काढले : प्रत्येक रोग्याला, गरज पडल्यास बळाने, इस्पितळात हलवायचे. शहर बिथरले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी फर्मान सैल झाले. सैल करण्यामागे या उद्रेकाइतकेच आणखी एक भय होते. हलालखोर आणि बिगारी, म्हणजे मैला वाहणारे आणि रस्ते झाडणारे, शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे भय पालिका आयुक्त स्नो यांनी आपल्या अहवालात नोंदवून ठेवले आहे.

हे कामगार कोण होते? बहुसंख्य अस्पृश्य जातींचे आणि बाहेरगावाहून पोटासाठी मुंबईत आलेले. म्हणजे ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारचे आरोग्यशास्त्र दोन पावले मागे सरले! त्या वर्षी निम्मे शहर पळून गेले. परंतु ज्याच्या पळण्याने शहर मरते असा माणूस झाडूवालाच होता.

आता त्या सुटीचा लाभ कोणाला झाला तेही पाहावे. नव्या आदेशानुसार, ज्याला घरातच नीट वेगळे ठेवता येईल अशा रोग्याला हलवायचे नव्हते. वेगळी खोली कोणाकडे होती? एकाच खोलीत आठ-दहा माणसे कोंबलेल्या चाळकऱ्याकडे नव्हती, झाडूवाल्याच्या झोपडीत तर नव्हतीच. सूट आमच्या श्रमाच्या भयाने मिळाली आणि ती पडली माडीवाल्यांच्या पदरात. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांची समिती आली आणि सक्ती पुन्हा सुरू झाली.

गरज असलेल्या माणसाला सवलत देऊन थांबवतात, हा झाला जगाचा न्याय. आमच्या बाबतीत गरज असली की बेडी घालतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंजाबचा १९११ चा आणि संयुक्त प्रांताचा १९१६ चा नगरपालिका कायदा पुढे ठेवून दाखवले की, सूचना न देता काम सोडणाऱ्या सफाई कामगारासाठी तेथे तुरुंग होता. ज्याच्यावाचून शहर चालत नाही त्याला ‘कुशल’ का म्हणत नाहीत, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडणार नाही; ते जातीत सापडेल.

आजच्या व्हिसाकडे या नजरेने पाहावे. ऑस्ट्रेलियात कुटुंबातील एकाचाही आजार किंवा अपंगत्व ठराविक रकमेहून जास्त खर्चाचे ठरले, तर साऱ्या कुटुंबाचा अर्ज अडतो. जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० डॉलर झाली. मालकाने पुरस्कृत केलेल्या काही व्हिसांत सूट मागता येते. स्वतंत्रपणे अर्ज करणाऱ्या कुशल माणसाच्या व्हिसात ती नाही. म्हणजे सूट कौशल्याला नसून मालकाच्या निकडीला आहे. आणि त्या देशाच्या १९९२ च्या अपंगत्व-भेदभावविरोधी कायद्यातून स्थलांतराचा कायदा वगळलेला आहे. राज्याने पहिली सूट स्वतःलाच दिली! कॅनडाने २०१८ मध्ये आपली खर्चाची मर्यादा तिप्पट केली, हे पाऊल चांगले. पण माणसाची किंमत खर्चाच्या वहीत मांडण्याची रीत तीच राहिली.

हिंगोलीत बसून याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आमच्या जिल्ह्यातून माणसे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात. त्यांच्या आरोग्याची अट कोणी घालत नाही, कारण ती मोडली तर त्यांच्या जागी दुसरी मिळतात. त्याच घरांतील एखादा मुलगा, एखादी मुलगी आता शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यापीठाचे स्वप्न पाहते. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. या स्वप्नाची किंमत मला ठाऊक आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनला जायचे तर भारतीय विद्यार्थ्याला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. क्षय हा कोंदट घराचा आणि अर्धपोटी जेवणाचा रोग आहे. तो निघाला तर उपचाराला साधारण सहा महिने लागतात. रोग बरा होतो, पण प्रवेशाचे वर्ष निघून जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एक साधी मागणी लावून धरावी. तपासणीचा आणि जाण्यायेण्याचा खर्च शिष्यवृत्तीत असावा, आणि उपचारासाठी थांबलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची तरतूद स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी. १८९६ ची सूट आमच्या नावाने निघाली आणि दुसऱ्याच्या घरी गेली. या वेळी ती कागदावर, आमच्या मुलांच्या नावाने हवी.