मामलेदारीचे मोल

सन १८८८ च्या उत्तरार्धात अमेरिकेत हॅरिसन आणि क्लीव्हलंड यांच्यात अध्यक्षपदाची झुंज चालू असता, इंडियाना प्रांतातील विकाऊ मतदारांच्या पाच-पाचांच्या टोळ्या करून त्या भरवशाच्या माणसांच्या ताब्यात द्याव्यात, अशा आशयाचे रिपब्लिकन पक्षाच्या खजिनदाराच्या नावाने लिहिलेले पत्र उघडकीस आले; आणि त्याच सुमारास पुण्यात, मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या पैसे घेऊन केल्याच्या आरोपांवरून मुंबई इलाख्याच्या मध्य भागाचे कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांची चौकशी चालली होती.

खानदेश हा या मध्य भागातलाच जिल्हा. धुळे त्याचे मुख्य ठाणे, आणि जळगावही १९०६ च्या विभागणीपर्यंत त्याच्याच पोटात. अमळनेर, एरंडोल, नंदुरबार येथील कचेऱ्यांत बसणारा मामलेदार हाच रयतेच्या लेखी सरकार होता. हिवाळ्यात कापूस घरात येतो न येतो तोच सरकारधाऱ्याचा हप्ता उभा राही. पाटील-कुळकर्णी वसुलाची रक्कम घेऊन तालुक्याला येत, कारकून रुपया वाजवून घेत, आणि ज्याची बाकी राहिली त्याची जप्ती करावी की मुदत द्यावी, हे मामलेदाराच्या सहीवर ठरे. अशा माणसाने आपली जागाच व्याजी रकमेने राखली असेल, तर ती रक्कम अखेर कोणाच्या कापसातून फिटावयाची, हे सांगावयास नको. चौकशी मात्र कमिशनर आणि मामलेदार यांच्यातील देवघेवीपुरतीच होती, आणि माझ्या मते तिचे खरे वैगुण्य हेच.

अमेरिकेतही सरकारी जागा निवडणुकीतील लूट म्हणून वाटल्या जात. जागा न मिळालेल्या एका उमेदवाराने १८८१ मध्ये अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, तेव्हा कोठे १८८३ चा परीक्षेने नोकरभरतीचा कायदा झाला. पण तेथील संतप्त नागरिकाच्या हाती मत होते. खानदेशच्या कुणब्यापाशी अर्जाखेरीज काय होते?

मत नव्हते, म्हणून पुरावा अंमलदारांच्याच तोंडून काढावा लागला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने खरे सांगणाऱ्या मामलेदारांना अभयवचन दिले. त्यांनी पैसे दिल्याचे कबूल केले. क्रॉफर्डचा मध्यस्थ हणमंतराव जहागीरदार यास न्यायालयाने दोषी ठरविले, परंतु खुद्द क्रॉफर्डवरील लाचेचा आरोप चौकशी कमिशनने शाबीत धरला नाही; हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याच्या दोषावरून त्याला नोकरीतून दूर करण्यात आले. पुढे, मामलेदार न्यायनिवाडाही करीत असल्याने, लाच दिल्याची कबुली देणारे लोक न्यायासनावर कसे ठेवावेत, असा ओरडा विलायतेत उठला आणि दिलेले अभय डळमळू लागले. टिळकांनी १८८९ मध्ये पुण्याच्या सभेत मामलेदारांचा पक्ष घेतला तो याच मुद्द्यावर: सरकारच्या शब्दावर विसंबून ज्यांनी कबुली दिली, त्यांना त्याच कबुलीपायी दंडिणे हा विश्वासघात होय. त्याच वर्षी साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तरी काही मामलेदारांच्या जागा गेल्याच.